ग्रेटेला शिक्षा सुनावण्याआधी

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, गाभा तेवढा देते.

"आमचा एक वाचनगट आहे. गेल्या बैठकीत फ्रान्झ काफ्काच्या 'मेटॅमॉर्फॉसिस'वर चर्चा होती आणि व्यक्तिरेखांवर बोलायचं काम माझ्याकडे होतं. मी चौघांचेही स्वभाव नीट लिहून नेले होते: ग्रेगोर त्यागी, वडील क्रूर, आई दुबळी, बहीण ग्रेटे आधी प्रेमळ आणि नंतर स्वार्थी. माझं बोलून झाल्यावर एक जण म्हणाले, 'ही तर प्रगतिपुस्तकं झाली, यात विश्लेषण कुठंय?' मग ग्रेटेवरून वाद पेटला. कुणी म्हणालं ती नार्सिसिस्ट आहे, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेली, कुणी म्हणालं सतरा वर्षांची पोर, तिने तरी किती करायचं. एकाने तर सांगून टाकलं की हे काफ्काचं आणि त्याच्या वडिलांचं भांडण आहे, बाकी काही नाही. मी गप्प बसले. पुढच्या बैठकीत याच कथेवर मला पुन्हा अर्धा तास मिळाला आहे. पात्रांचं आणि त्यांच्या नात्यांचं विश्लेषण नेमकं करायचं कसं? आणि एक राहिलं. मला ग्रेगोर मनापासून आवडतो. हे बोलताना लपवायचं का?"

ताई, 'प्रगतिपुस्तकं' हा शेरा टोचणारा होता हे खरं, आणि भर बैठकीत तो मारायची गरज नव्हती. पण शेरा चुकीचा नव्हता. तुमची चार विशेषणं खोटी नाहीत. अडचण अशी की ती लावून झाल्यावर कथेकडे परत जायचं काही कारणच उरत नाही. 'वडील क्रूर' म्हटलं की वडिलांचं काम संपलं. पुढे काय बोलणार? मग माणूस कथानक सांगायला लागतो. बहुतेकांची व्याख्यानं इथेच घसरतात.

ज्यांनी कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी चार ओळी. ग्रेगोर साम्सा हा फिरता विक्रेता एका सकाळी जागा होतो तो किडा होऊनच. वडिलांचा धंदा पाच वर्षांपूर्वी बुडालेला आहे आणि तेव्हापासून घर त्याच्या पगारावर चाललंय. आता तो खोलीत कोंडला जातो, बहीण त्याचं खाणंपिणं बघते, एकेक जण नोकरीला लागतो, घरात भाडेकरू येतात. शेवटी बहीणच म्हणते की आता याला घालवायला हवं. त्याच रात्री तो मरतो. काफ्काने ही कथा १९१२ मध्ये लिहिली, छापली गेली १९१५ मध्ये.

तुम्ही सुरुवात पात्रांपासून केलीत आणि मग नात्यांकडे वळलात. म्हणजे आधी चार माणसं, प्रत्येकाचा एक पक्का स्वभाव, आणि हे चार स्वभाव एकमेकांवर आदळले की नातं तयार होतं. शाळेपासून आपल्याला हेच शिकवलंय: 'अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा.' आधुनिक साहित्य वाचताना हा क्रम उलटा करून बघा. नातं आधी घ्या. एका माणसाने दुसऱ्या एका विशिष्ट माणसासमोर काय केलं, आधी काय करायचा, नंतर काय करायला लागला, एवढंच टिपत चला. हे टिपून झाल्यावर हाती जे शिल्लक राहील, त्याला हवं तर स्वभाव म्हणा.

ही माझ्या मनाची गोष्ट नाही, खुद्द काफ्काकडे याचा पुरावा सापडतो. १९१५ मध्ये पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा विषय निघाला, तेव्हा चित्रकार किडाच काढून ठेवील या धास्तीने काफ्काने प्रकाशकाला पत्र लिहिलं. किडा काढता येणार नाही, तो लांबूनसुद्धा दाखवू नये, असं त्याने बजावलं. मग काय काढावं? त्याने सुचवलेलं एक चित्र असं: उजेडात बसलेले आईवडील आणि बहीण, आणि शेजारच्या पूर्ण अंधाऱ्या खोलीचं उघडं दार. नायक चित्रात नाहीच. आहे ते घर आणि त्याची खोली यांच्यामधलं दार. लेखकालाच आपल्या कथेचा चेहरा म्हणून एक नातं दाखवायचं होतं.

तेव्हा तुमचा अर्धा तास दारांवरच काढा असं मी सुचवेन. वरवर हा विषय फुटकळ वाटतो. पण घरातल्या कुठल्याही नात्याचं विश्लेषण करायचं असेल तर एखादी रोजची, पुन्हा पुन्हा घडणारी कृती धरून ठेवावी. प्रेम, द्वेष, त्याग हे शब्द हाताला लागत नाहीत. दार लावणं, ताट सरकवणं, नावाने हाक मारणं या गोष्टी लागतात, आणि त्या पुन्हा घडतात तेव्हा आधीपेक्षा थोड्या वेगळ्या घडतात. हा जो फरक असतो, त्यात नातं दिसतं.

आता कथेत काय आहे ते बघा. पहिल्या सकाळी ग्रेगोरच्या खोलीची सगळी दारं आतून बंद आहेत, तीही त्यानेच लावलेली. कामानिमित्त फिरताना लागलेली सवय तो घरीही पाळतो, आणि त्या सकाळी या सवयीवर खूश होतो. उशाजवळच्या दारावर आई जपून टकटक करते, एका बाजूच्या दारावर वडील हलकेच पण मुठीने ठोठावतात, दुसऱ्या बाजूने बहीण हळू आवाजात विचारते. तिघं तीन दारांशी, आणि प्रत्येकाचा हात किंवा आवाज वेगळा. ग्रेगोर अजून कुणासमोर आलेलाही नाही, तरी या घरात कोण कसं बोलतं ते आपल्याला कळलं. त्याच दिवशी पुढे तो नोंदवतो की सकाळी दारं बंद होती तेव्हा सगळ्यांना आत यायचं होतं. आता कुणी येत नाही, आणि किल्ल्या बाहेरच्या बाजूने आहेत.

इथे थांबा आणि एक जुनी समजूत सोडून द्या. आपल्याला वाटतं की किडा झाल्यावर तो घरच्यांपासून तुटला. पण आपल्याच घरात, झोपताना, सगळ्या दारांना आतून कुलूप लावणारा माणूस आधी किती जोडलेला होता? कथाच सांगते की तो पैसे आनंदाने देई, घरचे कृतज्ञतेने घेत, पण त्यात पूर्वीची ऊब राहिली नव्हती. एक बहीणच काय ती जवळची उरली होती. तिला संगीत शिकायला पाठवायचं त्याच्या मनात होतं आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो हे जाहीर करणार होता. म्हणजे 'त्यागी' या शब्दाच्या पोटात निदान दोन नाती निघाली. आईवडिलांशी असलेलं नातं हप्ते फेडण्याचं, आणि बहिणीशी असलेलं एका गुपित बेताचं. एकाच माणसाचा त्याग दोन ठिकाणी दोन तऱ्हांचा आहे.

मग येते किल्ली. हा भाग बैठकीत अगदी सावकाश वाचा, कारण ग्रेटेचा सगळा खटला इथे उभा राहतो. पहिल्या संध्याकाळी खोलीत दुधाचं भांडं असतं, दुधात पावाचे तुकडे, त्याचं आवडतं. त्याला ते आता जात नाही. सकाळी ग्रेटे येते, भांडं तसंच भरलेलं बघते, ते नुसत्या हाताने न उचलता फडक्याने धरून उचलते आणि बाहेर नेते. परत येते ती जुन्या वर्तमानपत्रावर पदार्थांची रांग मांडूनच: अर्धवट नासलेली भाजी, हाडं, बदाम-मनुका, शिळं चीज, कोरडा पाव. त्याला काय आवडेल ठाऊक नाही, म्हणून सगळंच. मग ती घाईघाईने बाहेर जाते आणि किल्लीसुद्धा फिरवते. का? तर तो तिच्यासमोर खाणार नाही हे ओळखून, नाजूक मनाने, त्याला निवांतपणा मिळावा म्हणून.

आता विचारा, हे 'का' कुणी सांगितलं? निवेदन तृतीयपुरुषी आहे, त्यामुळे वाटतं की लेखकानेच सांगितलं. पण कथा जवळजवळ पूर्ण ग्रेगोरच्या खांद्यावरून बघितलेली आहे. ग्रेटेच्या मनात आपण एकदाही शिरत नाही. तिने किल्ली फिरवली ही घटना. नाजूक मनाने फिरवली हा ग्रेगोरचा अर्थ. खरा असेल. पण ती घाबरली असेल, किळस आली असेल, किंवा हे तिन्ही एकदम असेल. फडकं विसरू नका. काळजीने निवडलेले पदार्थ आणि भांड्याला हात लागू नये म्हणून घेतलेलं फडकं ही एकाच मुलीची, एकाच सकाळची कामं आहेत. 'आधी प्रेमळ' हे तुमचं विशेषण फडक्याला विसरतं, आणि तिला सुरुवातीपासून स्वार्थी ठरवणारे नासलेल्या भाजीकडे डोळेझाक करतात.

पुढे असंच होत राहतं. ती आली की आधी धावत जाऊन खिडकी उघडते. ग्रेगोर तिला आपण दिसू नये म्हणून पाठीवरून एक चादर, तो ज्याखाली लपतो त्या कोचापर्यंत नेतो, त्याला चार तास लागतात. चादर तिने काढली नाही यावरून तिलाही ती हवी आहे असं तो समजतो, आणि एकदा तर तिच्या डोळ्यांत कृतज्ञता दिसल्याचं त्याला वाटतं. वाटतं, हं. असे 'वाटतं' या कथेत जागोजागी आहेत. पेन्सिल घेऊन त्यांच्याखाली रेघा मारा. ग्रेगोरचं बहिणीवरचं प्रेम कशाने बनलंय ते त्या रेघांवरून कळेल: तिने उच्चारलेला शब्द जवळजवळ नाहीच, सगळं त्याने तिच्या वतीने वाचलेलं.

सामान हलवायचा प्रसंग तर माझ्या मते कथेचा कणा आहे. त्याला भिंतीवर फिरायला जागा मिळावी म्हणून ग्रेटेला कपाट, मेज बाहेर काढायचं असतं. आई म्हणते, नको, सामान काढलं तर आपण तो बरा होण्याची आशा सोडली असं होईल. ग्रेटे ऐकत नाही. आतापर्यंत ग्रेगोरच्या बाबतीत तीच घरातली जाणकार झालेली असते आणि आईसमोर हा हक्क ती सोडायला तयार नसते. निवेदन इथे एक चमत्कारिक शक्यता सुचवून जातं: त्याची अवस्था आणखी भयंकर व्हावी, म्हणजे त्याच्यासाठी आणखी काही करता येईल, असा मोहही या मुलीला झाला असेल. सेवा आणि सत्ता इतकी चिकटलेली आहे की वेगळी काढता येत नाही. पुढे आईने एकदा परस्पर खोली धुऊन काढली तर ग्रेटेला अपमान वाटतो आणि ती रडते. भावाविषयीचा जिव्हाळा तेव्हा बराच आटलेला आहे, पण अधिकार मात्र तिचाच असायला हवा. कुणाची सेवा करणाऱ्या घरात हे कधी दिसत नाही म्हणता?

सामानाच्या गडबडीत आई ग्रेगोरला बघते आणि बेशुद्ध पडते. ग्रेटे मूठ उगारून ओरडते, ग्रेगोर! कथा इथे स्पष्ट नोंद करते की रूप बदलल्यापासून तिने त्याला थेट उद्देशून काढलेले हे पहिले शब्द. इतके दिवस खाऊ घातलं, झाडलं, खिडक्या उघडल्या, आणि बोलली एकदाही नाही. बोलली ती रागाने. पण नावाने. शेवटी ती आईवडिलांना सांगते की या प्राण्यासमोर मी माझ्या भावाचं नाव घेणार नाही. म्हणजे राग होता तोवर नाव होतं.

आणि जेवण? नोकरीला लागल्यावर ती सकाळ-दुपार कामावर पळण्याआधी हाती येईल ते पायाने खोलीत सरकवते आणि संध्याकाळी झाडूच्या एका फटक्यात बाहेर लोटते, खाल्लं की नाही हे न बघता. वर्तमानपत्रावरची ती रांग आणि हा पाय, दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली की वेगळं भाष्य करावं लागत नाही. मधे काय घडलं तेवढं सांगा: तिला दुकानात नोकरी लागली, संध्याकाळी ती लघुलेखन आणि फ्रेंच शिकते, आई शिवणकाम करते, वडील बँकेत निरोप्या झालेत, सगळे दमलेले आहेत.

शेवटची किल्ली. ग्रेगोर कसाबसा खोलीत परत जातो, मागे दार धाडकन लागतं, आणि किल्ली फिरवता फिरवता ग्रेटे आईवडिलांना ओरडून सांगते, "एकदाचं!" पहिल्या वेळी किल्ली फिरली तेव्हा ग्रेगोरने तिला अर्थ दिला होता. या वेळी तोही देत नाही.

इतकं झाल्यावर 'ग्रेटे दुष्ट आहे का' हा प्रश्न तुमच्याकडे पुन्हा आला, तर त्याला हो-नाही उत्तर द्यायची गरज राहत नाही. ती एका माणसासाठी काय काय होत गेली, कोणत्या पानावर, कशामुळे, हे तुम्ही दाखवलेलं असतं. निकाल ज्याचा त्याने द्यावा. मला स्वतःला विचाराल तर मी तिला माफ करते, पण झाडूचं पान सोडून.

तुमच्या 'क्रूर' वडिलांचंही तसंच. त्यांनी फेकलेलं सफरचंद सगळ्यांना आठवतं, कारण ते पाठीत रुतून बसतं. पण त्याआधी एक शांत प्रसंग आहे, तो बहुतेक जण वाचून पुढे जातात. वडील घरच्यांना पैशांची स्थिती समजावतात तेव्हा दाराआडून ग्रेगोरला कळतं की धंदा बुडाला तरी थोडी पुंजी शिल्लक होती, आणि त्याने दिलेल्या पगारातूनही वडिलांनी काही बाजूला टाकलं होतं. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या पैशांतून आईवडिलांवर असलेलं ग्रेगोरच्या मालकाचं कर्ज लवकर फिटलं असतं आणि नोकरीतून सुटका जवळ आली असती, हेही त्याच्या मनात येतं. आणि तरी तो दाराआड मान डोलवतो, वडिलांच्या दूरदृष्टीवर खूश होतो! आपण संतापतो, तो संतापत नाही. वाचकाचा संताप आणि पात्राचा संताप यांत जिथे असं अंतर पडतं, तिथे खूण करून ठेवा. माझ्या लेखी या बापलेकांचं नातं समजायला सफरचंदापेक्षा ही डोलणारी मान जास्त कामाची आहे.

आता तुमच्या गटातल्या मंडळींकडे वळू.

नार्सिसिस्ट म्हणणाऱ्यांना सांगा की निदान आणि विश्लेषण वेगळं. डॉक्टर समोरच्या माणसाला आणखी दहा प्रश्न विचारू शकतो. ग्रेटेला आपण विचारू शकत नाही; तिच्याबद्दल जे आहे ते त्या पानांवर आहे, आणि तेही भावाच्या नजरेतून. शिवाय आजाराचं नाव चिकटवलं की उत्सुकता मरते. तीन वर्षांची असताना तिच्यावर काय आघात झाला असेल असले तर्क तर अजिबात नकोत. या खोडीवर एल. सी. नाइट्स या समीक्षकाने १९३३ मध्येच एक निबंध लिहिला होता, त्याचं शीर्षकच 'लेडी मॅकबेथला मुलं किती होती?' असं थट्टेचं आहे. कथेबाहेर पात्राचं आयुष्य कल्पून त्यावर तर्क रचणाऱ्यांना ती चपराक होती. मानसशास्त्र वापरू नका असं नाही. एखादी संकल्पना तुम्हाला पानावरची न दिसलेली गोष्ट दाखवत असेल तर जरूर वापरा, ती पान झाकत असेल तर ठेवून द्या.

'हे काफ्का आणि त्याचे वडील' हा मुद्दा पूर्ण पोकळ नाही. वडिलांना उद्देशून काफ्काने खरोखरच एक प्रदीर्घ पत्र लिहिलं, १९१९ मध्ये, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. पण ते या कथेच्या सात वर्षांनंतरचं आहे, आणि त्यातून साम्सा घराण्यातली किल्ली, झाडू, वर्तमानपत्र यांचं काहीच उलगडत नाही. चरित्र कळलं म्हणून पात्र कळत नाही. वाचनगटात चरित्र सांगणारा माणूस नेहमी जिंकल्यासारखा दिसतो, कारण त्याच्याकडे तारखा असतात. दिसू द्या.

तुमच्या टिपणात सपाट आणि गोलाकार पात्रांचाही उल्लेख आहे. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ मध्ये ही विभागणी मांडली: सपाट पात्र एका वाक्यात मावतं, गोलाकार पात्र पटेल अशा रीतीने चकित करतं. आपल्याकडे हिचा उपयोग पास-नापास ठरवायला होतो, फॉर्स्टरने तसं केलं नव्हतं. कादंबरीला दोन्ही लागतात असंच तो म्हणतो. याच कथेतले तीन भाडेकरू बघा. तिघंही दाढीवाले, मधला बोलतो आणि दोघं त्याची री ओढतात. एकदम सपाट. पण ते आल्यावर आईवडील आपल्याच घरात कसे वागायला लागतात ते बघा, म्हणजे भाडेकरू कशासाठी ठेवलेत ते लक्षात येईल. सपाट पात्र दुसऱ्यांना उघडं पाडायला असतं.

माणूस कुणासमोर उभा आहे यावर तो कोण आहे हे किती ठरतं, याचा एक नमुना नाटकाच्या इतिहासात आहे. इब्सेनच्या 'ए डॉल्स हाउस'मध्ये (१८७९) नोरा शेवटी नवरा आणि मुलं सोडून निघून जाते. जर्मनीत ते करायचं ठरलं तेव्हा तिथल्या नटीने असा शेवट करायला नकार दिला. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी म्हणून इब्सेनने चडफडत पर्यायी शेवट लिहून दिला. त्यासाठी त्याने नोराच्या स्वभावात काय बदल केला? काहीही नाही. नवरा तिला झोपलेल्या मुलांच्या दाराशी नेतो, इतकंच. ती कोसळते आणि राहते. आधीचे सगळे प्रवेश, सगळे संवाद तेच, पण शेवटच्या क्षणी तिच्यासमोर नवऱ्याऐवजी मुलं ठेवली आणि नोरा वेगळी झाली. शेवट वाईट आहे, इब्सेनलाही तो पसंत नव्हता. अभ्यासाला मात्र फार उपयोगी.

आणि कधी कधी समोर कुणी नसतंच. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये (१९६७) प्राध्यापक दामले रंगमंचावर एकदाही येत नाहीत. तरी बेणारेबाईंवर त्यांचेच सोबती खेळ म्हणून जो खटला चालवतात, तो ज्या नात्याभोवती फिरतो ते दामल्यांशी असलेलं नातं आहे. पात्रांची यादी करताना न आलेल्या माणसासाठी एक ओळ राखून ठेवावी, हे इथे शिकायला मिळतं. खटला बेणारेबाईंवर चालतो आणि दामल्यांची जागा रिकामी राहते; कोण मोकळं सुटलं ते निराळं सांगायला लागत नाही.

तुमचा पुढचा वाचनक्रम मला माहीत नाही, पण प्रथमपुरुषी निवेदनाची कादंबरी आली तर अजून जपून. काझुओ इशिगुरोच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'मध्ये (१९८९) स्टीव्हन्स हा बटलर स्वतःची गोष्ट सांगतो. वर वडील शेवटच्या घटका मोजताहेत आणि खाली तो पाहुण्यांना मद्य देत फिरतोय. आपल्याला काय वाटत होतं हे तो सांगत नाही. पण मालक त्याला विचारतो की तू रडतोयस का. तो दिवसभराच्या दगदगीवर ढकलून मोकळा होतो. मालकाने विचारलं नसतं तर त्याच्या गालावर पाणी होतं हे वाचकाला कळलंच नसतं. सांगणारा जे गाळतो ते दुसऱ्याच्या तोंडून बाहेर येतं. अशा कादंबरीत इतर पात्रांचे छोटे प्रश्न, थांबणं, चमकून बघणं हेच साक्षीदार. 'कोसला' (१९६३) वाचाल तेव्हाही लक्षात ठेवा की पांडुरंग सांगवीकरचे वडील आपल्याला पांडुरंगच सांगतोय. त्या वडिलांची बाजू ऐकायची असेल तर मुलाच्या वाक्यांतल्या फटींतूनच ऐकावी लागते.

तयारीचं सांगायचं तर चार पात्रं घेऊ नका. ग्रेगोर आणि ग्रेटे ही एकच जोडी घ्या. पाच-सहा जागा निवडा, प्रत्येकीचा पानक्रमांक जवळ ठेवा आणि उतारे मोठ्याने वाचा. कथानक कुणाला सांगत बसू नका, सगळ्यांनी वाचलेली असते, निदान तसं म्हणतात तरी. टिपणातली विशेषणं खोडून त्या जागी क्रियापदं लिहून बघा. 'प्रेमळ'च्या जागी 'पाच पदार्थ मांडते, फडक्याने भांडं उचलते, किल्ली फिरवते'. वाक्यं लांबतील आणि थोडी ओबडधोबड होतील. होऊ द्यात. आणि प्रत्येक जागी स्वतःला विचारा की हे कुणी बघितलं, कुणी ऐकलं, की कुणाला नुसतं वाटलं.

राहिला शेवटचा प्रश्न, ग्रेगोर आवडतो हे लपवायचं का. मुळीच नको. सुरुवातीलाच सांगा. तो आवडावा अशीच कथा रचलेली आहे. शंभरातली नव्वद पानं आपण त्याच्या डोळ्यांनी बघतो, तर दुसरं काय होणार? पण त्याला जोडून एक उतारा मात्र वाचा, गटाला तो आवडणार नाही. ग्रेटे भाडेकरूंसमोर व्हायोलिन वाजवते तेव्हा ग्रेगोर खोलीबाहेर सरकतो आणि स्वप्न बघतो: तिला आपल्या खोलीत न्यावं, आपण जिवंत असेपर्यंत बाहेर जाऊ देऊ नये, सगळ्या दारांवर आपण एकदम पहारा द्यावा, आत घुसणाऱ्यांवर फिस्कारावं; आपलं भयंकर रूप पहिल्यांदाच कामी येईल. लगेच तो पुस्ती जोडतो की तिने राहावं ते स्वखुशीनेच. पुन्हा दारंच, बघा. या वेळी किल्ली त्याला स्वतःच्या हाती हवी आहे, आणि आत ती. या जागी तुम्हाला तो कमी आवडला तर तेही बोला, तेवढाच आवडला तर का, ते सांगा.

वेळ उरला तर त्याच्या मृत्यूनंतरची पानं काढा. इतका वेळ ज्यांना निवेदन 'वडील' आणि 'आई' म्हणत होतं, ते तिथे 'श्रीयुत साम्सा' आणि 'श्रीमती साम्सा' होतात. ज्याचे ते आईवडील होते तोच आता बघायला नाही. तिघं कामावर सुट्टी कळवतात, ट्रामने शहराबाहेर जातात, उन्हात बसून पुढच्या दिवसांचा हिशेब करतात. आईवडिलांना जाणवतं की मुलगी मोठी झाली, सुंदर झाली, आता हिच्यासाठी चांगला नवरा बघायला हवा. ग्रेगोर गेला, पगार गेला, आणि घराची नजर ग्रेटेकडे वळली. गटातल्या ज्यांनी तिला स्वार्थी ठरवलं त्यांना विचारा की या ट्राममध्ये तिच्या मनात काय चाललंय ते कथेत कुठे लिहिलंय. कुठेच नाही. ती उठते, अंग ताणते, आणि तिच्याकडे बघून ठरवणारे दुसरेच आहेत. वाद पुन्हा पेटेल, पण या वेळी पुस्तक उघडं असेल.